तीन मॉनिटर आणि एक बारीक कॅबिनेट: सांगलीतील एका अभियंता कार्यालयासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड

सांगलीतील एका स्थापत्य अभियंत्याच्या कार्यालयात तीन माणसे काम करतात: स्वतः अभियंता, नकाशे काढणाऱ्या एक मॅडम, आणि दाखले व पत्रव्यवहार सांभाळणारा एक सहायक. घरांचे आणि छोट्या व्यापारी इमारतींचे नकाशे काढणे, बांधकाम परवानगीचे प्रस्ताव ऑनलाइन सादर करणे आणि बँकांच्या कर्जप्रकरणांसाठी मालमत्तेचे मूल्यांकन अहवाल तयार करणे हे तेथील रोजचे काम आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. अभियंत्यांच्या टेबलावरचा चौथ्या पिढीचा इंटेल संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, त्यामुळे तो बदलावा लागला. त्याच्या जागी एका मोठ्या कंपनीत वापरून निघालेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकला गेलेला बारीक कॅबिनेटचा संगणक आला. त्यात कोअर आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी आणि २०० वॉटचा पॉवर सप्लाय होता. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर येत असल्यामुळे ही खरेदी मुळात योग्यच होती.

संगणकाबरोबर २७ इंची ४के मॉनिटरही घेतला गेला, कारण पूर्ण मजल्याचा नकाशा एका नजरेत दिसावा आणि मापे वाचताना सारखे झूम करावे लागू नये अशी अभियंत्यांची इच्छा होती. आधीचे दोन मॉनिटर कार्यालयात होतेच. त्यांपैकी फुल एचडी मॉनिटरवर नियमावली आणि ईमेल उघडे ठेवायचे होते. दुसरा बराच जुना, फक्त व्हीजीए पोर्ट असलेला मॉनिटर टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या घरमालकाच्या समोर ठेवायचा होता, म्हणजे खिडकी कुठे येणार आणि जिना कुठून चढणार हे त्याला मान वाकडी न करता पाहता येईल. ही मागणी चैनीची नव्हती, कारण नकाशा नीट न समजता सही करणारा ग्राहक बांधकाम सुरू झाल्यावर बदल मागतो आणि त्याचा खर्च दोन्ही बाजूंना पडतो.

सल्ल्यासाठी मला निरोप आला तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. नवा संगणक अडखळतो, मॉनिटर तिन्ही जोडता येत नाहीत, म्हणून मॉनिटरवरचे चित्र तयार करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आणि त्यासाठी जीएसटीसह पंधरा हजार रुपये बाजूला काढायचे असे ठरले होते. स्थानिक विक्रेत्याने एनव्हिडिया कंपनीचे जीटी ७३० हे कार्ड सुचवले होते. "साहेब, चार जीबीचं कार्ड आहे, काही अडणार नाही," असे त्याचे म्हणणे होते. पुढे जे घडले ते सविस्तर लिहिण्याचे कारण असे की छोट्या कार्यालयांतून ग्राफिक्स कार्डाची मागणी जवळजवळ नेहमी याच पद्धतीने येते: तक्रारी तीन-चार असतात, त्या सगळ्या मिळून एक तक्रार मानली जाते, आणि त्यावरचा उपाय म्हणून एक वस्तू आधीच नक्की झालेली असते.

तक्रारी सुट्या केल्यावर

पहिली तक्रार अशी होती की ४के मॉनिटरवर माउस चिकटल्यासारखा चालतो आणि नकाशा सरकवताना रेषा मागून येतात. संगणकाच्या मागे एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असे दोनच पोर्ट होते आणि नवा मॉनिटर एचडीएमआयला जोडलेला होता, कारण ती केबल मॉनिटरच्या खोक्यातच मिळाली होती. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील प्रगत भागात पाहिले तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलत होते. या पिढीच्या बहुसंख्य कार्यालयीन संगणकांवर एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती असते आणि ती ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपेक्षा अधिक पाठवू शकत नाही, डिस्प्लेपोर्ट १.२ मात्र तेच चित्र ६० वेळा पाठवतो. ४के मॉनिटर डिस्प्लेपोर्टला आणि फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयला जोडल्याबरोबर माउस मोकळा झाला. ज्या त्रासासाठी कार्ड घ्यायचे ठरले होते त्यातला सर्वांत ठळक भाग एका केबलच्या किमतीत संपला.

दुसरी तक्रार दुपारनंतर संगणक हँग होण्याची होती. सकाळी सगळे सुरळीत चाले. मग ऑटोकॅडमध्ये दोन-तीन नकाशे, ब्राउझरमध्ये परवानगीचे पोर्टल आणि भूमिअभिलेखांची पाने, एखादी जाडजूड पीडीएफ आणि मूल्यांकनाचा अहवाल एकत्र उघडे राहिले की प्रत्येक क्लिकला थांबावे लागे. त्या अवस्थेत टास्क मॅनेजर उघडला तेव्हा मेमरी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती, एसएसडीवर सतत लिहिणे-वाचणे चालू होते, आणि ग्राफिक्सचा आलेख मात्र बहुतेक वेळ खालीच होता. तेथेच मेमरीच्या पानावर आणखी एक गोष्ट दिसली: मेमरीच्या पट्ट्या बसवण्याच्या चार खाचांपैकी एकच खाच वापरात होती.

या एका ओळीत या प्रकरणाचा बराच अर्थ साठवलेला आहे. आय५-८५०० मधील यूएचडी ६३० या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते संगणकाच्या मुख्य मेमरीतूनच वाचते आणि तिथेच लिहिते. २६६६ वेगाची डीडीआर४ मेमरीची पट्टी एकटी असेल तर तिची क्षमता सेकंदाला सुमारे २१ गिगाबाइट असते, आणि तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू होऊन ती सुमारे ४२ गिगाबाइटवर जाते. या क्षमतेतून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचेही भागवायचे असते. ऑटोकॅड २०२४ साठी ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने ग्राफिक्सची जी किमान अट दिलेली आहे ती २ जीबी मेमरी आणि सेकंदाला २९ गिगाबाइट अशी आहे. म्हणजे एका पट्टीवर चालणारा हा संगणक कागदावरच त्या अटीच्या खाली होता, आणि त्यावर ४के मॉनिटरचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा भार टाकलेला होता. वापरलेले संगणक विकणारे बहुतेक जण किंमत कमी ठेवण्यासाठी ८ जीबीची एकच पट्टी बसवतात. गिऱ्हाईक "८ जीबी" वाचते आणि पट्ट्या किती हे विचारत नाही.

तिसरी तक्रार खरीखुरी होती: तिसऱ्या मॉनिटरला पोर्टच नव्हता. यूएचडी ६३० स्वतः तीन मॉनिटर चालवू शकते, पण मदरबोर्डवर बाहेर येण्याच्या जागा दोनच होत्या.

चौथी तक्रार चौकशी केल्यावर पुढे आली. अधूनमधून अभियंता स्केचअपमध्ये इमारतीचा साधा त्रिमितीय आराखडा करून ग्राहकाला फिरवून दाखवत, आणि सावल्या चालू केल्या की तो धक्के खात फिरे. खरे रेंडरिंग, म्हणजे आराखड्याचे फोटोसारखे चित्र, ते पुण्यातून करून घेतात, त्यामुळे ही गरज मर्यादित होती, तरी ती ग्राहकासमोर बसून भागवायची गरज होती.

यांशिवाय एक विशिष्ट सर्वेक्षणाचा नकाशा उघडायला फार वेळ घेत असे आणि त्याचे खापरही ग्राफिक्सवर फोडले जात होते. ऑटोकॅडमध्ये फाइल उघडणे आणि रेषा पुन्हा आखणे ही कामे मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालतात, तिथे कार्डाचा फारसा संबंध येत नाही. त्या फाइलमध्ये एकावर एक पडलेल्या हजारो रेषा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या निरुपयोगी व्याख्या होत्या. ओव्हरकिल, पर्ज आणि ऑडिट या तीन आज्ञांनी फाइलचा आकार उतरला आणि ती इतर नकाशांसारखी उघडू लागली. नकाशे काढणाऱ्या मॅडमनी त्यानंतर बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी या तीन आज्ञांतून काढण्याची पद्धतच लावून घेतली.

आधी मेमरी

कार्डाचा निर्णय लांबवून आधी ८ जीबीची दुसरी पट्टी बसवावी असे मी सुचवले. जुन्या संगणकातील पट्टी इथे लागेल का, अशी रास्त शंका निघाली. पण ती डीडीआर३ या आधीच्या प्रकारची होती आणि तिच्या कडेची खोबण वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती डीडीआर४ च्या जागेत बसतच नाही. २०२५ मध्ये डीडीआर४ च्या किमती झपाट्याने वाढल्या होत्या, आणि वर्षभरापूर्वी जी पट्टी सहज घेतली असती तिच्यासाठी आता हात आखडावा लागत होता. तरीही कार्डाच्या तुलनेत हा खर्च लहानच होता आणि त्याचा उपयोग संगणकातील प्रत्येक कामाला होणार होता.

पट्टी बसवल्यावर काही दिवस कार्यालयाने नेहमीसारखे काम केले. दुपारचे अडखळणे थांबले. मेमरीचा वापर जेमतेम दोन-तृतीयांशापर्यंत जाऊन थांबू लागला आणि ४के मॉनिटरवर द्विमितीय नकाशे सरकवताना तक्रार करण्यासारखे काही उरले नाही. स्केचअपमध्ये फरक पडला, पण सावल्यांसह आराखडा फिरवणे अजून समाधानकारक नव्हते, आणि तिसरा मॉनिटर अर्थातच बंद होता. आता कार्डाकडून नेमके काय हवे आहे हे स्पष्ट सांगता येत होते: तीन मॉनिटरना पुरतील एवढे पोर्ट, त्यांपैकी एकावर ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, आणि माफक त्रिमितीय काम. गेम, व्हिडिओ संपादन किंवा रेंडरिंग यांपैकी काहीच नको होते.

कार्ड टाळून तिसरा मॉनिटर जोडण्याचा एक मार्ग होता आणि तो प्रामाणिकपणे तपासला. डिस्प्लेपोर्टच्या एका तोंडातून दोन मॉनिटर काढून देणारा एमएसटी हब मिळतो. डिस्प्लेपोर्ट १.२ ची वापरता येण्याजोगी क्षमता सेकंदाला १७.२८ गिगाबिट असते. ४के मॉनिटरला त्यातले साधारण १३ आणि फुल एचडीला साधारण साडेतीन गिगाबिट लागतात, म्हणजे दोन्ही मिळून कसेबसे मावतात. स्केचअपची गरज नसती तर मी इथेच थांबायला सांगितले असते. यूएसबीवरून मॉनिटर चालवणारे अडॅप्टरही स्वस्त असतात. पत्रे आणि तक्ते दाखवायला ते चांगले, पण फिरणारा त्रिमितीय आराखडा दाखवण्याचा भार ते प्रोसेसरवर टाकतात, आणि ग्राहकाच्या मॉनिटरवर नेमके तेच दाखवायचे होते.

कॅबिनेट काय घेऊ देते

स्वस्त कार्डांची तुलना वेगाच्या तक्त्यांपासून सुरू करण्याची सवय आहे. कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत ती कॅबिनेट आणि पॉवर सप्लायपासून सुरू करावी, कारण तिथेच बहुतेक पर्याय गळून पडतात. या कॅबिनेटमध्ये फक्त कमी उंचीचे, म्हणजे सुमारे ६९ मिलिमीटर उंचीचे कार्ड बसत होते. ग्राफिक्सच्या लांब खाचेला लागूनच पॉवर सप्लायची भिंत असल्यामुळे दोन खाचांची जागा व्यापणारे जाड कार्डही चालणार नव्हते.

पॉवर सप्लाय २०० वॉटचा होता आणि त्याची बांधणी त्या कंपनीची स्वतःची होती, त्यामुळे बाजारातला साधा मोठा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) त्या जागी बसवता येत नव्हता. ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनांची वायर त्यातून निघतच नव्हती. वेगळी वायर नसलेल्या कार्डाला जी वीज मिळते ती खाचेतूनच मिळते, आणि त्या खाचेची मानकाने ठरवलेली कमाल मर्यादा ७५ वॉट आहे. बारीक कॅबिनेटच्या यंत्रांसाठी काही उत्पादक याहूनही कमी मर्यादा सांगतात. प्रोसेसर ६५ वॉटचा आहे आणि जोर लागला की थोडा वेळ त्याहून अधिक घेतो. मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे आणि यूएसबीला लटकलेली यंत्रे यांचा वाटा वेगळाच. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो आणि या कार्यालयात वातानुकूलन फक्त आतल्या खोलीत आहे, म्हणून कार्ड ५० वॉटच्या आत असावे अशी मर्यादा मी स्वतःहून घातली.

या मर्यादेने जीटीएक्स १६५० आणि ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० ही दोन कार्डे बाद झाली. पहिले ७५ वॉटचे आणि दुसरे ७० वॉटचे आहे. दोन्ही वेगळ्या वायरीशिवाय चालू शकतात आणि दोन्ही कमी उंचीतही बनतात, पण ती बहुधा दोन खाचांची जागा घेतात. उभ्या मोठ्या कॅबिनेटमध्ये यांचा विचार अवश्य करता आला असता. इंटेलचे आर्क ए३१० हे कार्ड पोर्टांच्या दृष्टीने आकर्षक होते, परंतु आर्क कार्डांची कामगिरी रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, हिच्यावर अवलंबून असते, ती सोय नसेल तर कामगिरी लक्षणीय घसरते, आणि या संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, तसा पर्यायच नव्हता.

स्वस्त कार्डांचा कप्पा

आता विक्रेत्याने सुचवलेल्या जीटी ७३० कडे वळणे भाग आहे, कारण छोट्या शहरांतील दुकानांत आजही सर्वांत आधी हेच काढून दाखवले जाते. हे नाव २०१४ मध्ये आले आणि एकाच नावाखाली तीन वेगळी कार्डे विकली गेली: ९६ गाभ्यांचे, फर्मी या जुन्या पिढीचे, ४९ वॉट घेणारे; ३८४ गाभ्यांचे केपलर पिढीचे, डीडीआर३ मेमरीचे; आणि तेच केपलर, पण जीडीडीआर५ या अधिक वेगवान मेमरीचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते ते "४ जीबी". केपलरच्या डीडीआर३ कार्डाची मेमरी सेकंदाला १४.४ गिगाबाइट एवढाच पुरवठा करते, म्हणजे आमच्या संगणकातील एका पट्टीच्या २१ गिगाबाइटपेक्षाही कमी. टाकी मोठी आणि नळ बारीक अशी ही रचना आहे. ४ जीबी भरण्याची वेळ येण्याआधीच नळ अपुरा पडतो. ऑटोकॅडची २९ गिगाबाइटची किमान अटही ते पाळत नाही.

त्याहून गंभीर मुद्दा ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. केपलर पिढीच्या जीफोर्स कार्डांसाठी ४७० ही एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर शाखा ठरली आणि त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ मध्ये थांबल्या. फर्मीच्या नशिबी तर हे कित्येक वर्षे आधीच आले. कार्यालयाने जुना संगणक कशासाठी बदलला होता, तर विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या म्हणून. त्याच नव्या संगणकात दुरुस्त्या थांबलेले कार्ड बसवणे हे त्या सगळ्या खर्चावर पाणी सोडण्यासारखे झाले असते. जीटी ७१० ची कथाही हीच आहे: १९२ गाभ्यांचे, १९ वॉटचे हे केपलर कार्ड आजच्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षा दुबळे आहे, आणि ज्या संगणकात अंगभूत ग्राफिक्सच नाही तिथे चित्र उमटवण्यापुरताच त्याचा उपयोग उरतो.

जीटी १०३० हे त्यांच्या मानाने बरे कार्ड आहे, पण २०१७ चे मूळ कार्ड आणि २०१८ मध्ये त्याच नावाने आलेले दुसरे कार्ड यांत फरक करता आला पाहिजे. मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी आहे आणि तिचा पुरवठा सेकंदाला ४८ गिगाबाइट आहे. दुसऱ्यात डीडीआर४ आहे आणि पुरवठा १६.८ गिगाबाइटवर आलेला आहे. नाव तेच, खोके जवळपास तेच, आणि काम मात्र जवळजवळ निम्म्यावर. ग्राहकाला हा फरक फक्त खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या मेमरीच्या प्रकारावरून कळतो, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते. आमच्या प्रकरणात मात्र दोन्ही बाद झाली, कारण या कार्डावर दोनच मॉनिटर चालतात. एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ चे कार्ड वेगात या सगळ्यांच्या बरेच पुढे आहे, पण त्यालाही पोर्ट दोनच. ते ५३ वॉट घेऊन आमच्या मर्यादेच्या किंचित बाहेर जाते आणि कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या मदरबोर्डवर चार मार्गिका पुरतात, आमच्या संगणकाच्या तिसऱ्या आवृत्तीवर तीच वाट अर्धी होते.

तीन किंवा अधिक पोर्ट, कमी उंची, एक खाच आणि ५० वॉटच्या आतली वीज या चारही अटी एकत्र ठेवल्या की गेमसाठीची कार्डे जवळजवळ संपतात आणि वर्कस्टेशनसाठीची छोटी कार्डे समोर येतात. एनव्हिडियाचे क्वाड्रो पी४००, पी६२० आणि नंतरचे टी४०० ही त्यांतली तीन. पी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, पण मेमरीचा पुरवठा ३२ गिगाबाइटच आहे. पी६२० मध्ये ५१२ गाभे, चार मिनी डिस्प्लेपोर्ट आणि ८० गिगाबाइटचा पुरवठा असून ते ४० वॉट घेते. टी४०० हे २०२१ चे, ट्युरिंग पिढीचे कार्ड. ३८४ गाभे, तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, ८० गिगाबाइटचा पुरवठा आणि फक्त ३० वॉट. ते २ जीबी आणि ४ जीबी अशा दोन रूपांत मिळते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन बाजारात वापरलेली पी६२० कार्डे बरीच स्वस्त मिळतात, आणि अभियंत्यांचा ओढा साहजिकच तिकडे होता. मोह सोडावा असे मी सांगितले, ते ड्रायव्हरच्याच कारणाने. पी४००, पी६२० आणि जीटी १०३० ही तिन्ही पास्कल पिढीची कार्डे आहेत, आणि ५८० ही त्या पिढीला सामावून घेणारी शेवटची ड्रायव्हर शाखा आहे. पास्कल पिढीच्या जीफोर्स कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या सोयी नाहीत, केवळ सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असे एनव्हिडियाने जाहीर केलेले आहे. हा संगणक चार-पाच वर्षे वापरायचा असे ठरलेले असताना आताच शेवटच्या टप्प्यात पोहोचलेली पिढी निवडण्यात अर्थ नव्हता. ज्या कार्यालयाला दोनच वर्षे काढायची आहेत त्याने पी६२० घ्यायला माझी हरकत नाही. वापरलेल्या बाजारात आणखी एक धोका असतो: जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते नव्या नावाने विकण्याचा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशा अनेक कार्डांच्या नावापुढे ते बनावट असल्याची खूण दाखवते, म्हणून पैसे देण्याआधी ते चालवून पाहण्याची अट घालावी.

निर्णय पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीच्या टी४०० वर, ४ जीबी रूपावर स्थिरावला. २ जीबीने ऑटोकॅडची किमान अट पूर्ण झाली असती, परंतु ४के मॉनिटरसह तीन मॉनिटर, उघडे नकाशे, ब्राउझर आणि स्केचअप यांचा हिशेब एकत्र केला तर २ जीबी काठावर राहते. ऑटोडेस्कची शिफारस ८ जीबी आणि १०६ गिगाबाइटची आहे हे मी अभियंत्यांना स्पष्ट सांगितले. त्या शिफारशीला पुरे पडणारे कार्ड या कॅबिनेटमध्ये आणि या रकमेत बसत नव्हते, आणि त्यांच्या द्विमितीय कामाला त्याची निकड नव्हती.

खरेदी आणि जोडणी

याच कार्डाच्या दोन किमती सांगितल्या गेल्या. कमी किमतीचे कार्ड मोठ्या वर्कस्टेशनमधून काढलेले, खोक्याशिवायचे आणि हमी नसलेले होते. ते टाळले. खोक्यातले कार्ड तीन वर्षांची हमी बिलावर लिहून आणि कार्यालयाचा जीएसटी क्रमांक टाकून घेतले. कार्यालय नोंदणीकृत असल्यामुळे १८ टक्के कराची वजावट त्यांना मिळते, आणि ती धरली की हमीसह घेतलेले कार्ड वाटते तेवढे महाग राहत नाही. मेमरीची पट्टी आणि केबल धरून सगळा खर्च ठरलेल्या रकमेच्या जरासा वर गेला, कराच्या वजावटीनंतर तो आत आला. मागणी देताना तीन गोष्टी विचारून घेतल्या होत्या: कमी उंचीची धातूची पट्टी खोक्यात आहे का, मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर किती आहेत, आणि हमीसाठी कार्ड कुठे पाठवावे लागेल. पहिला प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ती पट्टी नसेल तर कार्ड बारीक कॅबिनेटमध्ये स्क्रूने घट्ट बसवता येत नाही आणि सुटी पट्टी शोधण्यात आठवडा जातो.

जोडणीच्या आधी संगणकाचा बायोस अद्ययावत केला. कार्ड बसल्यावर मदरबोर्डवरचे पोर्ट बहुधा आपोआप बंद होतात; बायोसमध्ये दोन्ही एकत्र चालू ठेवण्याचा पर्याय या संगणकात होता, तरी तिन्ही मॉनिटर कार्डालाच जोडले. एक मॉनिटर अंगभूत ग्राफिक्सवर आणि दोन कार्डावर ठेवले की खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढताना चित्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवावे लागते, आणि कोणता प्रोग्राम कोणावर चालतो याचा गोंधळ होतो. व्हीजीए मॉनिटरसाठी आत स्वतंत्र चिप असलेला अडॅप्टर लागला, कारण डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीएचा अॅनालॉग संकेत मुळात निघत नाही आणि तो अडॅप्टरला तयार करावा लागतो. मिनी डिस्प्लेपोर्टच्या तोंडाला अटकवणारी कळ नसते, त्यामुळे झाडताना केबल सुटू नये म्हणून तिन्ही केबली कॅबिनेटच्या मागे पट्ट्याने बांधून टाकल्या.

ड्रायव्हर विंडोजने आपोआप टाकलेला ठेवला नाही. एनव्हिडियाच्या वर्कस्टेशन कार्डांसाठीचा, दीर्घ पाठिंब्याच्या शाखेचा ड्रायव्हर उतरवून घेतला. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा देऊन हार्डवेअर प्रवेग, म्हणजे चित्र काढण्याचे काम कार्डाकडे सोपवण्याची सोय, चालू आहे आणि टी४०० चे नाव दिसते आहे याची खात्री केली. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये स्केचअपसाठी अधिक क्षमतेचा पर्याय निवडला. ४के मॉनिटरवर अक्षरे १५० टक्के आणि बाकी दोन्हींवर १०० टक्के ठेवली.

काय बदलले, काय नाही

स्केचअपमधला आराखडा आता सावल्यांसह न अडखळता फिरतो आणि समोर बसलेला घरमालक तो स्वतःच्या मॉनिटरवर पाहतो. द्विमितीय नकाशांत मेमरी वाढवल्यानंतर जो वेग आला होता त्यात कार्डाने जाणवण्याजोगी भर घातली नाही, आणि ती घालणारही नव्हती. कार्डाला काम नसताना त्याचा पंखा ऐकू येत नाही. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलेले होते ते हातभर पुढे ओढले, कारण गरम हवा मागूनच बाहेर पडते.

जे झाले नाही तेही नोंदवले पाहिजे. अभियंत्यांना पुढे स्वतःच रेंडरिंग करायचे मनात आहे. टी४०० वर ते करणे वेळेचा अपव्यय ठरेल, आणि या कॅबिनेटमध्ये त्याहून मोठे काही बसणार नाही. तो दिवस आला तर उभे कॅबिनेट, साधा बदलता येणारा एसएमपीएस आणि किमान ८ जीबी मेमरीचे कार्ड अशा वेगळ्या यंत्राचाच विचार करावा लागेल.

नकाशे काढणाऱ्या मॅडमच्या टेबलावर याच बनावटीचा दुसरा संगणक आहे आणि त्यालाही कार्ड घ्यावे का, असा प्रश्न लगेच आला. त्यांच्याकडे दोन फुल एचडी मॉनिटर आहेत, स्केचअप त्या वापरत नाहीत, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्यांच्याही संगणकात चारपैकी एकच खाच भरलेली दिसली. त्यांच्यासाठी ८ जीबीची एक पट्टी मागवली आहे; कार्डाची मागणी रद्द केली.